कुलासो, आर्मांदो
कुलासो, आर्मांदो : भारतातील एक नामवंत फुटबॉल-प्रशिक्षक. गोव्यातील डेंपो स्पोर्ट्‌स क्लब या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून २००० ते २०१३ या काळात त्यांनी केलेली कामगिरी भारतीय क्लब-फुटबॉलमध्ये अपूर्व मानली जाते. या काळात डेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा १९९६ मध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या नावाने सुरू झाली. २००७ पासून तिची जागा ‘आय-लीग’ने घेतली. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखाद्या दिवशीचा उत्तम खेळ पुरेसा ठरतो. साखळी पद्धतीत मात्र प्रत्येक संघाशी स्वतःच्या व प्रतिपक्षाच्या मैदानावर खेळावे लागत असल्याने कित्येक महिने सातत्य राखावे लागते. त्यामुळे खेळाडूंची निवड, त्यांची तंदुरुस्ती व मनोधैर्य यांची जबाबदारी असलेल्या मुख्य प्रशिक्षकाची कसोटी अशा स्पर्धेतच लागते.

कुलासो यांच्या कारकीर्दीतील पहिले मोठे यश व सर्वांत दुःखद प्रसंग एकाच दिवशी घडले. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगलोर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपोने मोहन बागानचा २–० असा पराभव केला. दोन्ही गोल करणारा ब्राझीलचा खेळाडू क्रिस्तियानो जूनियर दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला व मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ क्लबने १० क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त केला. या आघातातून सावरून संघाने त्याच हंगामात (२००४-०५) प्रथमच राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद पटकाविले. पुढे २००६-०७, २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या हंगामांतही डेंपो विजेता ठरला. यांपैकी २००७-०८ ची पहिली आय-लीग अत्यंत चुरशीची झाली : डेंपो व चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समान झाल्याने गोलफरकावर निर्णय लागला. २००८ मध्ये डेंपोने आशियाई महासंघाच्या ए. एफ. सी. चषक स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली.

रँटी मार्टिन्स (नायजेरिया) व बेटो (ब्राझील) यांसारख्या मोजक्या परदेशी खेळाडूंना समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी इ. गोमंतकीय खेळाडूंची जोड, ही त्यांच्या संघाची रचना होती. २०११-१२ च्या विजेतेपदात मार्टिन्सने एकट्याने ३२ गोल केले. उपर्युक्त तिन्ही गोमंतकीय खेळाडू पुढे स्वतः प्रशिक्षणाकडे वळले. मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा संघाने २०२३ मध्ये सुपर चषक जिंकला.

२०११ मध्ये बॉब हाउटन यांच्यानंतर कुलासो यांच्याकडे राष्ट्रीय संघाची धुरा आली. विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध पहिल्या सामन्यात भारताचे दोन खेळाडू लवकरच मैदानाबाहेर काढले गेले व भारत ०–३ असा हरला. दिल्लीतील परतीचा सामना २–२ असा बरोबरीत सुटला. त्याच वर्षी ते पदावरून दूर झाले व साव्हियो मदेरा यांनी त्यांची जागा घेतली. क्लबमध्ये वर्षानुवर्षे संघ घडविता येतो, तर राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू अल्पकाळच लाभतात, हा दोन्ही पदांतील फरक या अल्पजीवी कारकीर्दीतून दिसून येतो. नंतर कुलासो कलकत्त्याच्या ईस्ट बेंगॉल संघाचे प्रशिक्षक झाले; २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये तो संघ उपविजेता ठरला.

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा गोव्याकडे गेले. अपवाद होता तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडचा (२००५-०६) आणि त्या संघाचे प्रशिक्षक डेरिक परेरा हेही गोमंतकीयच होते. मात्र २०१६ मध्ये डेंपोने अन्य दोन गोमंतकीय क्लबांसह आय-लीगमधून माघार घेतली आणि या पर्वाची सांगता झाली. २०२४-२५ मध्ये डेंपो त्या स्पर्धेत परतला. केंद्र शासनाने कुलासो यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार (जीवनगौरव) देऊन गौरविले.