पत्र बनावट निघालं आणि आगरकर तुरुंगात गेले. बदनामीचा कायदा आज काय सांगतो?

टेंभू म्हटलं की खानापूर-आटपाडीच्या माणसाला पाण्याची योजना आठवते. कराड तालुक्यातलं हे कृष्णाकाठचं गाव गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव, हे पत्रकारितेच्या पोरांना परीक्षेपुरतं तरी माहीत असतं. पण बातमीच्या कायद्याचा पहिला धडा याच आगरकरांच्या खटल्यात आहे, तो फारसा कुणी सांगत नाही.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ सुरू झाले. केसरी आगरकरांकडं, मराठा टिळकांकडं. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागं कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा होता. बर्व्यांच्या नावाची काही पत्रंही पुढं आली. त्यावर विसंबून दोन्ही पत्रांनी मजकूर छापला. बर्व्यांनी फिर्याद केली. कोर्टात पत्रं बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झालीच. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. खटला चालू असताना दहा हजारांचा जामीन लागला, तो जोतीराव फुल्यांच्या शब्दावर त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दिला. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे तेही आपल्याच मुलखातले.

आता मुद्दा असा, की आगरकर-टिळकांचा हेतू कुणीच वाईट म्हणणार नाही. पैसे खाल्ले नव्हते, वैर काढलं नव्हतं. मग शिक्षा का? कारण कायदा हेतूवर थांबत नाही. ज्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेत बदनामीचं कलम ४९९ होतं, ती ३० जून २०२४ पर्यंत लागू होती. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर ३५६ झाला, गाभा तोच राहिला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. समाजसेवेची शिक्षा तेवढी नवीन.

या कलमाला दहा अपवाद आहेत. पहिला अपवाद नीट वाचा. मजकूर खरा असला पाहिजे आणि तो छापणं लोकांच्या हिताचं असलं पाहिजे, दोन्ही पाहिजेत. सरपंचाच्या घरातलं भांडण खरं असेलही, पण त्यात गावाचं हित काय? घरकुलाच्या यादीतला घोळ मात्र गावाच्या हिताचाच. दुसरा आधार सद्भावनेचा. इथं बरेच जण फसतात. ‘मनात काही वाईट नव्हतं’ म्हणजे कायद्यातली सद्भावना नव्हे. योग्य ती दक्षता न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. पत्र खरं वाटलं होतं, एवढ्यानं भागत नाही. ते खरं आहे का, हे पाहायला तुम्ही काय केलं, हे विचारलं जातं.

गेल्या गळीत हंगामात एका सोसायटीच्या सही-शिक्क्याच्या पत्राचा फोटो माझ्या मोबाईलवर आला. संचालकांच्या घरातली नावं लाभाच्या यादीत घुसवली, असा त्याचा अर्थ. बातमी टाईप करून झाली होती. तरी गाडी काढून सोसायटीत गेलो, जावक रजिस्टर बघितलं. त्या नंबरला खताच्या मागणीचं पत्र होतं, तारीखही निराळी. बातमी तिथंच पुसली. पाठवणाऱ्यानं फोन उचलला नाही तो आजतागायत.

म्हणून कागद फोटोवरून नको, माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून प्रमाणित प्रत घ्या. तीस दिवसांची मुदत आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारा, त्याचं म्हणणं छापा. तो बोलला नाही तर कधी विचारलं ते वहीत टिपून ठेवा. ‘कथित’ शब्द घातला की सुटलो, हा समज सोडा. ग्रुपवर फॉरवर्ड करणं हेही कायद्यानं प्रसिद्ध करणंच.

उलट बाजूही माहीत हवी, कारण ‘बदनामीची केस टाकतो, पोलीस घेऊन जातील’ ही धमकी गावोगाव चालते. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवून अटक करू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्यालाच मॅजिस्ट्रेटपुढं तक्रार करावी लागते, तीही तीन वर्षांच्या आत. भरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याला मुदत एक वर्षाची. तिथं मजकूर खरा ठरला की दावा संपला, लोकहित वेगळं दाखवावं लागत नाही.

तुरुंगातल्या त्या दिवसांवर आगरकरांनी पुढं पुस्तक लिहिलं, ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. पत्रकारितेच्या वर्गात अभ्यासक्रमाच्या पुस्तकाआधी ते वाचायला द्यावं, असं माझं मत आहे.