टॉल ऑइल : आकडा जुळला, बॅच अडली

आज व्हॅक्यूम कॉलमच्या तळाशी उरणाऱ्या पिचवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मुलुंडच्या एका वाचकाने माझ्या फार जिव्हाळ्याचा प्रश्न विचारला आहे. ते रंगासाठी अल्किड रेझिन बनवतात. टॉल ऑइल फॅटी ॲसिडचे दोन ड्रम घेतले, दोन्हींची ॲसिड व्हॅल्यू १९७च्या आसपास. पहिल्या ड्रमची बॅच वेळेत उतरली. दुसऱ्याच्या वेळी मात्र केटलमधली ॲसिड व्हॅल्यू एका आकड्यावर येऊन थांबली, ती खाली येईचना. माल तोच, आकडाही तोच, मग अडलं कुठे?

एक ग्रॅम मालातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागलं, एवढंच ॲसिड व्हॅल्यू सांगते. आम्ल कोणतं, ते सांगत नाही. आणि टॉल ऑइलच्या मालात फॅटी ॲसिडसोबत राळेचं आम्लही येतं. शुद्ध ओलेइक आम्लाची ती १९८.६ भरते, राळेतल्या ॲबिएटिक आम्लाची १८५.५. ओलेइकमध्ये दहा टक्के ॲबिएटिक मिसळलं तरी आकडा १९७.३ येतो. म्हणजे जेमतेम सव्वा अंकाची घट! मालात एक टक्का अनसॅपोनिफाएबल, म्हणजे साबण न होणारा भाग, जास्त आला तरी आकडा याहून अधिक उतरतो.

दोन आम्लांतला खरा फरक रेणूच्या ठेवणीत आहे. ओलेइकचा आम्लगट लांब साखळीच्या टोकाला मोकळा असतो. ॲबिएटिकचा गट ज्या कार्बनवर बसतो, त्याच्या उरलेल्या तिन्ही हातांना कार्बनच जोडलेले. अल्कोहोलला आत शिरायला जागाच मिळत नाही, म्हणून एस्टर बनता बनत नाही. साध्या अल्किडच्या तापमानाला राळेचं आम्ल असंच रेंगाळतं. ग्लिसरीनशी त्याचं नीट जमवायचं तर २६०-२७० अंशांपर्यंत तापवावं लागतं.

गंमत अशी, की केटलमध्ये छळणारा हाच आडमुठेपणा लॅबमध्ये कामाला येतो. साबणात राळ किती घातली आहे हे काढण्यासाठी अर्न्स्ट ट्वीचेलने १८९१ मध्ये तो वापरला. आजची सोपी रीत अशी : नमुना मेथॅनॉलमध्ये विरघळवायचा, थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून रिफ्लक्सवर उकळायचा. फॅटी ॲसिडचे एस्टर होऊन जातात, राळ जशीच्या तशी राहते. मग फिनॉल्फ्थॅलिन टाकून पोटॅशने टायट्रेशन. रंग गुलाबी होऊन टिकला, की ब्लँकमधलं, म्हणजे नमुन्याविना केलेल्या टायट्रेशनमधलं, सल्फ्युरिक वजा करायचं. उरलं ते राळेचं आम्ल. विक्रोळीला गोदरेजचा साबण आणि भांडुपला एशियन पेंट्सचा रंग, असा शेजार एकेकाळी लाभलेल्या या पट्ट्यात हे टायट्रेशन प्रत्येक लहान लॅबला यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली मेथॅनॉलची बाटली पाणी ओढते. त्या पाण्यामुळे एस्टर होणं अर्धवट राहतं, आणि उरलेलं फॅटी ॲसिडही राळेच्या खात्यात जमा होतं. जुलैत राळेचा आकडा अचानक फुगला, तर पुरवठादाराला फोन करण्याआधी नवी बाटली फोडून टायट्रेशन पुन्हा करा. पोटॅशच्या द्रावणाचंही तेच. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर त्याची ताकद वरचेवर तपासावी.

तेव्हा मुलुंडकरांनी दुसऱ्या ड्रमची राळ मोजावी. अल्किडसाठीच्या चांगल्या मालात ती एक-दोन टक्क्यांच्या वर नसते. आठ-दहा निघाली, तर तो ड्रम केटलमध्ये घालू नये. तो वायाही जात नाही. राळ राखलेलं डिस्टिल्ड टॉल ऑइल लेथवरच्या पाण्यात मिसळणाऱ्या कटिंग ऑइलसाठी मुद्दाम विकलं जातं, कारण त्याचा साबण तेल-पाण्याचं दूध छान धरून ठेवतो. अंधेरी-साकीनाक्याच्या वर्कशॉपांना कटिंग ऑइल पुरवणारा कुणी ओळखीचा असेल, तर आधी त्याला विचारावं.