रोप की प्राणी?

माझे काही मित्र हौसेखातर एक संगणकीय खेळ रचीत आहेत. त्यात त्यांनी पाण्यातला एक जीव कल्पिला आहे : दिसायला रोप, पण भक्ष्य पकडणारा आणि तोडला तरी पुन्हा वाढणारा. ‘असे कुठे असते काय?’ म्हणून तो वगळण्याची भाषा सुरू झाली. माझे म्हणणे, वगळू नये. असा जीव आहे आणि त्याचे नाव हायड्रा.

१७४० साली अब्राहम ट्रेंब्ले या जिनिव्हाच्या गृहस्थास हॉलंडमध्ये पाणवनस्पतींवर बारीक हिरवे जीव आढळले. रोप की प्राणी, हे ठरविण्यासाठी त्याने एक कापला. दोन्ही तुकडे वाढून पूर्ण झाले! लक्षण रोपाचे, परंतु हाच जीव कोलांट्या घेत सरकतो आणि दंशपेशींनी जलपिसवा टिपतो. म्हणून तो प्राणीच ठरला. हिरवा रंगदेखील उसना, त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. १७५८ मध्ये लिनियसने त्याला ग्रीक पुराणातील अनेकमुखी राक्षसाचे नाव दिले. कल्पित प्राण्याचे नाव असे खऱ्या प्राण्यास लाभले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्रावर संशोधन झाले आहे.

डहाणू-तलासरीकडील वाचकांनी एखाद्या संथ, स्वच्छ तळ्यातील पाणवनस्पती पाण्यासह काचेच्या बरणीत घालून खिडकीशी ठेवाव्यात. हायड्रा असलाच तर एकदोन दिवसांत उजेडाकडील काचेवर दोऱ्याएवढा लोंबताना दिसेल. खेळातील जीवाचे चित्र त्यानंतर काढावे.