मोटारसायकल इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड : हार्ले-डेव्हिडसन 'ट्विन कॅम ८८'च्या संदर्भात

झडपा केव्हा उघडाव्यात, किती उचलल्या जाव्यात आणि केव्हा मिटाव्यात, हे कॅमशाफ्टवरील उंचवट्यांच्या आकारावरून ठरते. चारस्ट्रोकी इंजिनाचा स्वभाव घडविण्यात या भागाचा वाटा मोठा असल्यामुळे इंजिनाची क्षमता वाढवू इच्छिणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्याकडे वळते. मात्र जेवढा कॅम मोठा तेवढा तो चांगला, अशी एक समजूत रूढ झालेली आढळते. ही समजूत का टिकत नाही, हे प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष इंजिनाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

हार्ले-डेव्हिडसन कंपनीचे ट्विन कॅम ८८ हे इंजिन १९९९ सालच्या मॉडेलांपासून वापरात आले. ४५ अंशांच्या कोनात मांडलेले दोन सिलिंडर, ९५.२५ मिमी व्यास, १०१.६ मिमी स्ट्रोक, सुमारे १,४५० घनसेंमी क्षमता आणि सुमारे ८.९ संपीडन गुणोत्तर अशी त्याची रचना आहे. आधीच्या इव्होल्यूशन इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता. येथे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र कॅमशाफ्ट असून ते साखळीने फिरतात.

निवडीच्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा म्हणजे इनलेट झडप मिटण्याचा क्षण होय. उदाहरणादाखल दोन कॅम कल्पू. पहिला इनलेट झडप वरच्या मृतबिंदूपूर्वी १० अंशांवर उघडतो व खालच्या मृतबिंदूनंतर ३० अंशांवर मिटवितो; म्हणजे कालावधी १० + १८० + ३० = २२० अंश. दुसऱ्याचे आकडे २० व ४६. कालावधी २४६ अंश. (हार्लेच्या कॅमचे हे कोन सामान्यतः टॅपेट ०.०५३ इंच, म्हणजे सुमारे १.३५ मिमी, उचललेला असताना मोजतात. वेगळ्या उचलीवर मोजलेले आकडे शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे.)

दट्ट्या खालून वर निघाला तरी दुसऱ्या कॅममध्ये झडप बराच काळ उघडी राहते. वेग जास्त असेल तर आत येणाऱ्या मिश्रणाची गती त्याला आतच लोटत राहते आणि सिलिंडर अधिक भरतो. वेग कमी असताना मात्र दट्ट्या तेच मिश्रण उलट बाहेर ढकलतो. खरे संपीडन झडप मिटल्यानंतरच सुरू होत असल्याने १०१.६ मिमी स्ट्रोकपैकी पहिल्या कॅममध्ये सुमारे ९६.५ मिमी, तर दुसऱ्यात सुमारे ८९.५ मिमी एवढाच उपयोगी पडतो. त्यामुळे प्रभावी संपीडन गुणोत्तर पहिल्यात सुमारे ८.५ व दुसऱ्यात सुमारे ८.० येते. दुसऱ्या कॅमने पहिल्याइतके प्रभावी संपीडन हवे असेल, तर मूळ गुणोत्तर सुमारे ९.५ पर्यंत न्यावे लागेल; म्हणजे दट्ट्ये बदलणे किंवा सिलिंडर हेड घासणे आले. कॅमची किंमत विचारणाऱ्याने हा खर्चही विचारलेला बरा.

प्रवासी बांधणीच्या या गाड्यांचे वजन ३०० किलोग्रॅमपेक्षा अधिक असते आणि त्या बहुतेक वेळ मिनिटाला २,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या टप्प्यात चालविल्या जातात. जाहिरातीत ठळक छापलेली कमाल अश्वशक्ती ५,००० फेऱ्यांच्या पुढे मिळते. टॉर्क फूट-पौंडांत घेतल्यास अश्वशक्ती म्हणजे टॉर्क व मिनिटातील फेऱ्या यांचा गुणाकार भागिले ५,२५२. साहजिकच वरच्या फेऱ्यांना टॉर्क थोडा टिकला तरी अश्वशक्तीचा आकडा फुगतो. चालकाने आलेखाचे शिखर न पाहता त्याची डावी बाजू पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूळ संपीडन न बदलता रस्त्यावर वापरावयाच्या गाडीला पहिल्या प्रकारचाच कॅम शोभतो.

झडपेची उचल हा त्यानंतरचा विषय. या इंजिनात रॉकरचे गुणोत्तर १.६२५ आहे, कॅमवरील ७.५ मिमी उंचवटा झडपेला सुमारे १२.२ मिमी उचलतो. उचल अर्ध्या इंचापलीकडे, म्हणजे १२.७ मिमीच्या वर जाऊ लागली की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर टेकणार नाहीत ना, तसेच झडप दट्ट्याला वा शेजारच्या झडपेला भिडणार नाही ना, हे मोजून पाहणे अपरिहार्य ठरते.

कॅमची पेटी उघडलीच आहे, तर साखळी ताणून धरणाऱ्या पट्ट्या अवश्य तपासाव्यात. २००६ पर्यंतच्या बहुतेक मॉडेलांत त्या स्प्रिंगने दाबल्या जाणाऱ्या असून त्यांचा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग साखळीवर घासून झिजतो. झिजेचा चुरा तेलाच्या मार्गात शिरला, तर तेलपंप निकामी होऊ शकतो, आणि तेलाविना इंजिन फार काळ तग धरत नाही. डायना मालिकेत २००६ पासून व इतरत्र २००७ पासून तेलाच्या दाबावर चालणारे ताणक आले. जुन्या इंजिनात ते बसविण्याचे संच मिळतात. साखळीऐवजी गिअरने फिरणारे कॅमही उपलब्ध आहेत. परंतु क्रँकशाफ्टचे टोक किंचितही डगमगत असेल, तर गिअरचे दाते आवाज करतात व लवकर खराब होतात. म्हणून गिअरचा संच मागविण्यापूर्वी ते डगमगणे डायल गेजने मोजून घ्यावे.