खाडीचं मॉडेल: रॉम्स, एफव्हीकॉम की डेल्फ्ट थ्रीडी?

गूगल मॅप्सवर पणजीचा परिसर उघडा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी आणि दोघींना आतून जोडणारा कुंभारजुवेचा अरुंद कालवा दिसेल. भरतीला समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी त्याला बाहेर ढकलतं, उन्हाळ्यात खारेपणा पुन्हा वर सरकतो. तो कुठवर येतो, यावर काठची बांध घालून राखलेली खाजन शेती आणि मासे अवलंबून असतात. म्हणूनच असा हिशेब कॉम्प्युटरवर मांडतात.

मॉडेल करतं काय?

खाडीचे छोटे तुकडे पाडायचे, म्हणजे ग्रिड. मग प्रत्येक तुकड्यातली पातळी, वेग आणि खारेपणा ठरावीक सेकंदांनी पुन्हा काढायचा.

तिघांत फरक काय?

रॉम्स: चौकोनी ग्रिड, किनाऱ्याप्रमाणे थोडी वाकवता येते. मोकळ्या समुद्रासाठी मस्त. पण कालव्यासाठी चौकोन बारीक केले, की त्याच ओळीतले समुद्रातले चौकोनही बारीक होतात.

एफव्हीकॉम: त्रिकोणी ग्रिड. समुद्रात मोठे त्रिकोण, कालव्यात छोटे.

डेल्फ्ट थ्रीडी: नेदरलँड्समधल्या डेल्टारेस संस्थेचं. जुन्या आवृत्तीत वाकणारे चौकोन, नव्या फ्लेक्सिबल मेशमध्ये चौकोन-त्रिकोण एकत्र चालतात. गाळाचा हिशेबही सोबत करता येतो.

मग त्रिकोणच बेस्ट? थांबा. १० मीटर खोल पाण्यात भरतीची लाट सेकंदाला साधारण १० मीटर धावते. तुकडा १०० मीटरचा असेल, तर रॉम्स आणि एफव्हीकॉमला पातळीचं गणित साधारण १० सेकंदांच्या आत पुन्हा करावं लागतं. तुकड्याची बाजू निम्मी केली तर तुकडे चौपट आणि फेऱ्या दुप्पट, म्हणजे काम आठपट! कालव्यातला एक चिमुकला त्रिकोण अख्ख्या मॉडेलला हळू करू शकतो. डेल्फ्ट थ्रीडीच्या जुन्या आवृत्तीची गणिताची पद्धत वेगळी असल्याने तिथे हे बंधन सैल असतं.

तुलना कशी करायची?

आम्ही दोन ॲप्सचा वेग तपासताना फोन एकच ठेवतो. इथेही तसंच. खोलीचा नकाशा, भरती आणि नदीचा प्रवाह तिन्हींना एकसारखाच द्यायचा. नाहीतर फरक मॉडेलचा की डेटाचा, हे कळणारच नाही.

आता खरी मेख. पाण्याची पातळी बहुतेक वेळा तिन्हींची जुळते, कारण मुखाशी भरती आपणच भरलेली असते. खरी परीक्षा खारेपणाची. पावसाळ्यात हलकं गोडं पाणी वर आणि जड खारं पाणी खाली असे थर बनू शकतात. ते किती मिसळतात, हे चुकलं की पातळी बरोबर असूनही खारं पाणी भलत्याच ठिकाणी पोचलेलं दिसतं.

माझं मत विचाराल, तर अरुंद फाटे असतील तिथे एफव्हीकॉम किंवा फ्लेक्सिबल मेश, आणि बाहेरच्या समुद्रावर भर असेल तर रॉम्स. पण कुठल्याही मॉडेलचं रंगीत ॲनिमेशन पाहिलंत, की आधी एकच विचारा: तळाचा खारेपणा प्रत्यक्ष मोजून पडताळलाय का?