कोरियातले परदेशी इंग्रजी शिक्षक



"मातृभाषेतून शिकले तर मुलांना इंग्रजी कसे येणार?" हा प्रश्न आपल्या पालकसभांमधून नेहमी विचारला जातो. त्याचा विचार करताना दक्षिण कोरियाकडे पाहणे उपयोगी ठरेल. तेथील शाळांत गणित, विज्ञान, इतिहास हे सारे विषय कोरियन भाषेतच शिकवतात. इंग्रजी हा एक विषय आहे. १९९७ पासून तो प्राथमिक शाळेत तिसरीपासून सुरू होतो. मुलांनी इंग्रजी बोलावे म्हणून परदेशी शिक्षकही नेमले जातात. सरकारी शाळांसाठी त्यांची भरती करणारी 'एपिक' ही योजना १९९५ मध्ये सुरू झाली. या शिक्षकांचे रोजचे जीवन कसे असते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

कोणाला जाता येते?

भाषाशिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. म्हणजे इंग्रजी किती चांगले येते याआधी पासपोर्ट कोणता, हे पाहिले जाते. भारतीयांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची तरतूद आहे.

शाळेचा दिवस

कोरियात शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होते. नोकरीचा करार बहुधा एका वर्षाचा असतो आणि राहायला लहानशी खोली मिळते. थंडीत या घरांची जमीनच खालून गरम केलेली असते. त्या पद्धतीला 'ओंदोल' म्हणतात.

'एपिक'च्या शिक्षकाला आठवड्याला साधारण २२ तासिका असतात. प्राथमिक शाळेतील तासिका ४० मिनिटांची असते. वर्गात तो एकटा नसतो, सोबत कोरियन शिक्षक असतो. व्याकरण आणि परीक्षेची तयारी कोरियन शिक्षकाकडे, तर संभाषण, उच्चार आणि खेळ पाहुण्याकडे, अशी वाटणी पुष्कळदा होते.

शाळेत शिरताना बाहेरचे जोडे काढून आतल्या सपाता घालायच्या असतात. वर्ग मुले स्वतः झाडतात. दुपारी शिक्षक आणि विद्यार्थी एकच जेवण जेवतात : खणांच्या ताटात भात, सूप, किमची आणि एक-दोन तोंडीलावणी. शाकाहारी माणसाची येथे पंचाईत होते. किमची दिसायला कोबीचे लोणचे असले, तरी त्यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते, आणि सूपही सुक्या मासळीच्या पाण्यात केलेले असते. तेव्हा भाजी दिसली म्हणून ती शाकाहारीच, असे तेथे धरून चालत नाही.

मान आणि वय

शिक्षकाला तेथे 'सनसेंगनिम' म्हणतात. त्यातील 'निम' म्हणजे आपला 'जी' किंवा 'राव'. वही देताना-घेताना दोन्ही हात पुढे करायचे आणि भेटल्यावर वाकून नमस्कार करायचा, ही रीत आहे. नव्या ओळखीत वय लवकरच विचारले जाते. इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला हा आगाऊपणा वाटतो. पण तू, तुम्ही, आपण यांतले नेमके काय वापरायचे हे ठरल्याशिवाय आपले वाक्य पुढे सरकते का? कोरियन क्रियापदांची रूपेही अशीच मानाप्रमाणे बदलतात, म्हणून वय कळावे लागते.

१५ मे हा तेथील शिक्षकदिन. कोरियन लिपी घडवणाऱ्या सेजोंग राजाचा तो जन्मदिवस मानतात. २०१६ पासून लागू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यामुळे विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला व्यक्तिशः भेट देता येत नाही. वर्गप्रतिनिधीने सर्वांच्या वतीने, सर्वांसमक्ष दिलेले फूल मात्र चालते.

चुका का होतात?

कोरियन भाषेत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर येत नाही आणि 'स'चा उच्चार शब्दाच्या शेवटी उघडा राहत नाही. म्हणून 'क्रिसमस'चे 'खुरिसुमासु' होते. आपल्याकडे हिंदी मुलखात 'स्कूल'चे 'इस्कूल' होते, त्यातलाच हा प्रकार. 'फ' हा दातओठांचा उच्चार त्यांच्याकडे नाही आणि 'र' व 'ल' यांना मिळून एकच अक्षर आहे. मुले मंद असतात म्हणून चुका करत नाहीत. त्यांच्या जिभेला मातृभाषेचे वळण असते. चांगला शिक्षक हे वळण ओळखून शिकवतो. त्यासाठी त्याला थोडे कोरियन यावेच लागते.

मराठी माणसाला ते फार अवघड जाऊ नये. कोरियन लिपीत मूळ अक्षरे २४ आहेत. वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते : मी, भात, खातो. आणि ओळखीच्या माणसाला "जेवलात का?" असे सहज विचारण्याची पद्धत तेथेही आहे.

शाळा सुटल्यानंतर

या चित्राची दुसरी बाजूही पालकांनी पाहावी. संध्याकाळी कोरियन मुले 'हागवॉन' नावाच्या खाजगी शिकवण्यांना जातात. अनेक परदेशी शिक्षकही तेथेच नोकरी करतात. १९८० मध्ये सरकारने खाजगी शिकवण्यांवर बंदी घातली होती. २००० मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द ठरवली. सोलमध्ये रात्री १० नंतर हागवॉन चालवू नये, असा नियम आहे. मुलांनी वेळेवर झोपावे म्हणून नियम करावा लागतो, यातच सारे आले. २०२४ मध्ये शालेय मुलांच्या खाजगी शिकवण्यांवर सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च झाले आणि दर दहांतील आठ मुले अशा शिकवण्यांना जात होती.

हे सारे नोव्हेंबरातील विद्यापीठ प्रवेशपरीक्षेसाठी. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांचे उड्डाण व उतरणे सुमारे अर्धा तास थांबवतात. २०१७ पासून या परीक्षेत इंग्रजीला इतरांशी तुलना न करता ठराविक गुणांवर श्रेणी देतात. स्पर्धेचा ताण कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू.

तरीही परदेशी शिक्षकांना वर्गात वारंवार एकच अडचण येते. मुलांना शब्द माहीत असतात, व्याकरण माहीत असते, पण चुकण्याच्या भीतीने ती तोंड उघडत नाहीत. इतका पैसा आणि इतक्या रात्री खर्चूनही ही भीती आपोआप जात नाही. ती घालवणे हेच त्या पाहुण्या शिक्षकाचे खरे काम.

आपण काय घ्यावे?

मातृभाषेतून शिकल्याने इंग्रजी अडते, असे आम्हाला वाटत नाही. कोरियाने मातृभाषेतूनच शिकून जगाच्या बाजारात आपले स्थान मिळवले. इंग्रजी अडते ते बोलण्याची संधी न मिळाल्याने आणि चुकल्यावर हसे होण्याच्या भीतीने. घरी मराठी आणि बाहेर दुसरी भाषा सांभाळणे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमले आहे. तिसरीही जमेल.

पालकांना आमची एक विनंती आहे. रोज दहा मिनिटे मुलांना इंग्रजीत बोलू द्यावे आणि तेवढा वेळ त्यांची एकही चूक काढू नये. आणि मुलांनो, तुमचा सोबती अडखळला, तर हसू नका. त्याचे वाक्य पुरे होऊ द्या.