आरी, रापी आणि घरचा टाका

गोदावरीच्या खोऱ्यात विजेचे पंप येण्याआधी विहिरीवरचे शेत भिजायचे ते कातड्याच्या मोटेने. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडे. दर खेपेला सोंड दुमडे, दगडाला घासे. ती फाटली की पाणी वाटेतच गळे, म्हणून मोटेचे ठिगळ हे गावातले तातडीचे काम असे. ते करणारा चर्मकार बलुतेदार; मोबदला सुगीला, धान्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त या बलुत्याच्या व्यवहाराचे तपशीलवार चित्र आहे.

मोट गेली, पण एक गोष्ट राहिली. ज्या घरांत जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाते, शर्टाचे बटण लावले जाते, त्याच घरांत फाटका पट्टा किंवा पर्स मात्र कोणी सुई घेऊन दुरुस्त करायला बसत नाही. हे काम फार अवघड आहे म्हणून नव्हे. चामड्याचे काम आपण पिढ्यानपिढ्या एका जातीवर ढकलले, आणि ज्या हातांनी आपले जोडे शिवले त्यांनाच दूर ठेवले. नाशिकला हे वेगळे सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी तिथल्या काळाराम मंदिरापुढे दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, त्यात पुढे असलेले पां. ना. राजभोज चर्मकार समाजातले होते. आणि याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. घरी चामडे शिवायला बसण्याला मला म्हणूनच पैशांच्या बचतीपेक्षा मोठा अर्थ वाटतो.

दुरुस्तीला बसण्याआधी वस्तू खरोखर चामड्याची आहे का ते पाहावे. फाटलेल्या कडेला गुंतलेले तंतू दिसले तर चामडे; विणलेले कापड आणि त्यावर पातळ थर दिसला तर रेक्झिन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). पीयूचा थर हवेतल्या दमटपणाने आतूनच विघटित होतो. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या बॅगेचे पोपडे निघू लागले तर तिच्यावर कष्ट घेऊ नयेत.

चामडे शाबूत असून नुसती शिवण उसवली असेल तर काम निम्मे झालेच. नवी भोके पाडू नयेत, त्याने चामडे कमजोर होऊन ओळीने फाटते. जुन्याच भोकांतून, मेण चोळलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून, दोन्ही बाजूंनी टाका घालावा. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून आरपार जातात, म्हणून एक वेढा झिजला तरी शेजारचे टाके धरून राहतात.

चामडेच फाटले असेल तर ठिगळ आतून लावावे. त्याचे कोपरे गोल कापावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलला जातो. कडा रापीने, म्हणजे चामडे कापायच्या सुरीने, तासून पातळ कराव्यात, नाहीतर बाहेरून उंचवटा दिसतो. जिथे चिकटवायचे तिथला गुळगुळीत थर पॉलिश पेपरने खरवडावा. मग चांभार वापरतात ते सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावून थांबायचे; बोटाला चिकटेनासे झाले की जोडून दाबायचे. घाई करून ओलेच चिकटवले तर पकड येत नाही. क्षणात चिकटणारा गोंद नको. तो काचेसारखा कडक होतो, आणि पट्टा वाकला की तिथेच तडा जातो. तेल लावायचे ते सगळे जोडून, शिवून झाल्यावर, अगदी थोडे. तेलकट चामड्यावर सोल्युशन धरत नाही, आणि जास्त तेलाने तंतू सैल पडतात.

भिजलेले चामडे उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे. चामडे म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे जाळे. झाडांच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आकसते आणि मग पूर्ववत होत नाही. क्रोमने कमावलेले अधिक तग धरते, पण तेही झपाट्याने वाळले की ताठर होते. आत कागद कोंबून सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी.

बुटाचा तळ आणि टाच घरी करू नये. जाड तळातून आरी, म्हणजे भोक पाडायचे टोकदार हत्यार, सरळ उतरवायला लोखंडी आधार लागतो, आणि हात बसलेला असावा लागतो. राज्य शासन गटई, म्हणजे चपला-बूट शिवणाऱ्या, कामगारांना पत्र्याचे स्टॉल देते. शहरात असा स्टॉल शोधावा, ठिगळासाठी चामड्याचा तुकडाही तिथूनच विकत घ्यावा. दुकानदार काय वापरतो, टाका कसा ओढतो, हे बघू द्या म्हणावे, आणि त्याच्या वेळेचेही पैसे द्यावेत. दोन सुयांच्या एका ओळीला किती वेळ जातो हे एकदा स्वतः करून कळले, की त्याने सांगितलेल्या दरात घासाघीस करवत नाही.